खाणीत न जन्मलेला पुढारी

त्याच्या कंबरेचा घेर मला ठाऊक आहे. शिरूरच्या बाजारपेठेत आमचं शिवणकामाचं दुकान आहे. नवरा टेपनं माप घेतो आणि मोठ्यानं सांगतो, मी कापडावर खडूनं आखते. पहिल्यांदा तो आला तेव्हा उधारीवर टेरिकॉटचा एक बुशशर्ट शिवून नेला होता. पुढे खादीचा झब्बा आला, मग त्यावर जाकीट आलं, मग जाकिटाची शिवण दर वर्षी उसवून मोकळी करून द्यावी लागली. जनतेची सेवा करून माणूस झिजतो असं शाळेत शिकवतात. हा फुगत गेला.

त्याला मी इथं 'तो'च म्हणणार आहे. तोंडावर सगळी हयात 'तुम्ही' आणि 'साहेब' म्हटलं, तेवढा मान पुष्कळ झाला.

माझं माहेर दौंड तालुक्यातलं. भांडगाव सोडलं आणि सोलापूरच्या हायवेवरून आत वळलं की एक बोडका डोंगर होता. होता म्हणते, कारण आता त्याचा निम्मा भाग रस्त्यांखाली गेलाय. त्या डोंगराला लागून दगडाची खाण, शेजारी क्रशर आणि क्रशरच्या धुळीत आमची वस्ती. वस्तीत इथले, मराठवाड्यातले, कर्नाटकातून आलेले असे सगळे मिसळलेले. निळा झेंडाही होता आणि भगवाही होता, आणि दोन्हींचा रंग धुळीनं एकच झालेला असायचा. माझे वडील, ज्यांना सगळी वस्ती आबा म्हणायची, ते खाणीवर बारवाले होते. खडकात मशीननं भोकं पाडायची, त्यात जिलेटिनच्या कांड्या भरायच्या, वात लावायची आणि उडवायचं. एका भोकाला एक बार म्हणतात.

बार भरून झाले की आबा कडेच्या उंच दगडावर चढायचे आणि हाळी द्यायचे. "बार हाय रं, बार! आडोशाला!" अशी तीनदा. पहिल्या हाळीला हातातलं टाकायचं, दुसऱ्या हाळीला निघायचं, तिसऱ्या हाळीला खाणीत माणूस दिसता कामा नये. बायका घमेलं पालथं करून डोक्यावर घ्यायच्या आणि निघायच्या. पळायचं नाही, खडीवर पाय घसरतो. मागं बघायचं नाही. का, कशाला, असं विचारायचं तर मुळीच नाही. आमच्या वस्तीतलं पोर आई म्हणायला शिकायच्या आधी ही हाळी ओळखायचं. झोळीत रडणारं लेकरू हाळी ऐकून गप्प झालेलं मी पाहिलं आहे.

मग बार उडायचे. धूर खाली बसेपर्यंत आबा थांबायचे, एकटे उतरायचे, एकेक भोक बघायचे आणि वर येऊन एकच शब्द म्हणायचे, "मोकळं." तो शब्द कानावर पडल्याशिवाय कुणी खाली उतरत नसे, मग मालक येऊन डोकं आपटू दे. आणि ज्यानं हाळी दिली त्यानंच मोकळं म्हणायचं, दुसऱ्यानं नाही. हा खाणीचा दंडक. तो कुणी लिहून ठेवलेला नव्हता आणि कुणी मोडलेलाही नव्हता.

हाळीत 'आडोशाला' म्हणायचे खरे, पण आडोसा म्हणावा असं तिथं काय होतं? एक लिंबाचं झाड, दोन मोठे धोंडे आणि मालकाचा ट्रक उभा असला तर ट्रक. इतरांना निदान लांब जाता यायचं. बारवाल्याला वात पेटवून जितकं जमेल तितकं पळायचं आणि डोकं हातात धरून बसायचं, एवढाच आडोसा.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. माझं लग्न होऊन मी शिरूरला आले होते. एके दुपारी एक बार फुटला नाही. न फुटलेल्या बाराजवळ लगेच जायचं नसतं हे आबांनीच सगळ्यांना शिकवलेलं. पण ट्रक खोळंबले होते, मुकादम वरून शिव्या देत होता, मालकाचा निरोप आला होता. आबा उतरले, वाकले आणि बार फुटला. उजवा पंजा मनगटापासून गेला. खडीनं भरलेल्या ट्रकवर, खडीवरच आडवं टाकून त्यांना दौंडला नेलं. आई वाटभर त्यांचं मनगट आपल्या लुगड्यात धरून बसली होती.

आणि हा पुढारी त्या वेळी कुठं होता? त्याआधी तो क्रशरच्या वजनकाट्यावर पावत्या फाडायला होता. कारकून. काट्यावरच्या केबिनला काच होती आणि आत पंखा होता. आबांचा हात जायच्या महिनाभर आधीच मालकानं त्याला कामावरून काढलं होतं. का काढलं ते वस्तीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं, कारण काट्यावर वरकमाई करणारा तो काही पहिला नव्हता. आबांना दवाखान्यात ठेवून दोन-तीन दिवस झाले असतील, तेव्हा हा एका फोटोग्राफरला घेऊन आला. आबांच्या बँडेजवर हात ठेवून त्यानं फोटो काढून घेतला. फोटोग्राफर म्हणाला, उजेड कमी आहे. तर यानं आबांची कॉट खिडकीपाशी सरकवायला लावली. पुढे दहा वर्षं तो सांगत फिरला की रक्तानं माखलेल्या आबांना त्यानं खांद्यावर घालून दौंडला आणलं. कुणाला खोटं बोलायचं तर बोलू दे, पण आईच्या लुगड्यावरचं रक्त त्यानं आपल्या सदऱ्यावर सांगावं, याची मला अजून चीड येते.

एवढं मात्र कबूल करायला हवं, की मोर्चा त्यानं काढला. मालकासमोर ताठ उभं राहून बोलायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. त्याला चीडही होती आणि जीभही होती. खाण कामगारांची संघटना काढली, दौंडच्या कचेरीवर माणसं नेली, काम बंद पाडलं. शेवटी रेस्ट हाऊसवर मालक बसला आणि तीन गोष्टी कबूल केल्या. बार उडवण्याआधी वाजवायला भोंगा, जखमेसाठी औषधपेटी आणि बारवाल्यासाठी लोखंडी आडोसा. तिसरी मागणी आबांची होती. पंजा गेलेला माणूस दुसरं काही मागत नव्हता. "माझं झालं ते झालं. पुढल्याला तरी आत बसाया जागा पायजे," एवढंच म्हणत होते. त्या दिवशी आईनं त्याला ओवाळलं.

औषधपेटी आली. तिच्यातला कापूस आणि टिंक्चर संपल्यावर वस्तीतल्या एका बाईनं तिच्यात मसाला ठेवला. भोंगाही आला. पण तो खाणीवर न येता शिरूरला एसटी स्टँडजवळ त्याच्या संघटनेच्या ऑफिसावर चढला. एक मे या कामगार दिनाला वाजायचा आणि त्याच्या वाढदिवसाला वाजायचा. आणि आडोसा पुढच्या टप्प्यात होता. तो पुढचा टप्पा म्हणजे काय हे आमच्या वस्तीला कधी कळलं नाही.

भोंगा नाही म्हणून आबांना काम उरलं. हात गेला तरी गळा शाबूत होता. मालकानं त्यांना हाळी द्यायला ठेवून घेतलं. बार दुसरे भरायचे, हाळी आबांची आणि मोकळं म्हणायचं तेही आबांनी.

त्याचं पुढचं आयुष्य म्हणजे स्टेज. आधी बाजाराच्या दिवशी हातगाडीवर उभा राहायचा, मग ट्रॉलीवर, मग मंडपात. भाषण ठरलेलं असायचं. "मी खाणीत जन्मलो. दगडाची उशी करून झोपलो. सुरुंगाचा आवाज हीच माझी अंगाई." मग आवाज खाली आणायचा, मागं वळायचा आणि म्हणायचा, "आबा, दाखवा जरा लोकांना." आणि माझे वडील, ज्यांनी घरातल्या माणसांसमोरही ते मनगट उघडं ठेवलं नाही, ते उठून उभे राहायचे आणि हात वर करायचे. लोक हळहळायचे. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मग तो म्हणायचा, "आडोसा मिळेपर्यंत मी स्वस्थ बसणार नाही." आणि बसायचा, मधल्या खुर्चीत.

जन्माचं म्हणाल तर तो शिरूरातच जन्मला, मार्केट यार्डामागच्या गल्लीत, दुमजली घरात. त्याचे वडील एका आडत्याकडं मुनीम होते. त्याची आई ब्लाउज शिवायला माझ्याकडंच यायची. साधी, बोलघेवडी बाई. एकदा दुकानात मी कापड झटकलं तशी म्हणाली, "अगं हळू. आमच्या ह्याला तर धूळ आजाबात सोसत न्हाई. ल्हानपनापासनं शिंका. शाळंत खडूनं बी शिंकायचा." मी म्हटलं, "मग खाणीवर कसं निभावलं हो त्यांचं?" तर म्हणाली, "तिथं केबिन व्हती की."

मी आबांना विचारायची, का जाता त्याच्याबरोबर. स्टेजवर जत्रेतल्या खेळासारखं उभं राहायला लाज नाही वाटत?

ते म्हणायचे, "वाटती की."

"मग?"

"त्यो आडोसा मागतोय नव्हं. मी हात न्हाई दावला तर लोक त्याला इचारत्याल, कशाला पायजे आडोसा म्हनून."

माणूस इमानी होता आणि त्याच्या इमानावर दुसऱ्याचं दुकान चाललं होतं.

पंचायत समितीच्या निवडणुकीला तो पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा दुकानात आला आणि आबांच्या नावानं एक सदरा शिवायला टाकला. कापड चांगलं होतं. म्हणाला, डावी बाही पूर्ण ठेवा, उजवी कोपराइतकीच. नवऱ्याला आधी समजलं नाही. मला समजलं. स्टेजवर बाही मागं सारण्यात वेळ जात होता ना त्याचा. मी दोन्ही बाह्या पूर्ण शिवल्या, उजव्या बाहीला कफ लावून दोन बटणं जास्तीची लावली. सभेत त्यानं माईक बगलेत धरून ती बटणं स्वतःच्या हातानं सोडली, एकेक करून. लोकांना वाटलं, केवढी माया. आबा त्याच्याकडं बघत नव्हते. मंडपाच्या छताकडं बघत होते.

तो निवडून आला. पुढे जिल्हा परिषदेवर गेला. मोटारसायकल गेली, जीप आली, मग ती मोठी पांढरी गाडी आली, जिच्या काचा खाली होत नसत. त्याच सुमारास हायवे रुंद करायचं काम निघालं. खडीला सोन्याचा भाव आला. जुना मालक म्हातारा झाला होता, त्यानं खाण आणि क्रशर विकून टाकलं. घेणारा कोण, तर याचा मेहुणा. मेहुण्याला दगडातलं काही कळत नव्हतं. त्याचं शिरूरातच चपलांचं दुकान होतं. आता कामगार संघटनेचा अध्यक्ष हा आणि मालकाचा दाजीही हाच. मागणी करणारा आणि मागणी फेटाळणारा एकाच गाडीतून उतरायचे. वस्तीतल्या लोकांना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, कारण काम वाढलं होतं, बार दुप्पट उडत होते आणि मरायला सवड नव्हती.

माझा धाकटा भाऊ तेव्हा बारवाला झाला. आबांनी त्याला पुष्कळ अडवलं. पण रस्त्याच्या कंत्राटदाराला दगड हवा होता, आणि आमच्याकडं दगड फोडण्याशिवाय दुसरी विद्या नव्हती. तेव्हापासून आबांची हाळी बदलली असं आई सांगायची. शब्द तेच, पण तिसऱ्या हाळीनंतर ते दगडावरून खाली उतरेनात. भाऊ वात पेटवून पळत येताना पुरता दिसेपर्यंत तिथंच उभे राहायचे, उघड्यावर. रोज. आईला दोघांची काळजी, मला तिघांची.

एकदा बार उडताना भाऊ एका रिकाम्या पिंपामागं बसला होता. आडोसा म्हणून तेवढंच मिळालं होतं. दगडाचा एक ढपला आला, पिंप फाडून आत घुसला आणि भावाची पोटरी चिरत गेला. दौंडला टाके घातले. डॉक्टर म्हणाले, वीतभर वर लागला असता तर इथं आणायचं कारण पडलं नसतं.

निवडणूक तोंडावर होती. आबा शिरूरला माझ्याकडं आले आणि म्हणाले, "चल माज्यासंगं. मला बोलाया जमत न्हाई." आम्ही त्याच्या ऑफिसात गेलो. वर भोंगा, आत एसी. भिंतीवर आबांच्या कॉटशेजारचा तो फोटो, चौकट करून. बसा म्हणाला, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. पिंप, पोटरी, टाके. तो मान हलवत ऐकत होता. मध्ये एकदा शिंकला, रुमालानं नाक पुसलं.

"आबा, एवढं इलेक्शन होऊ द्या," तो म्हणाला. "आडोशाचा विषय माझ्या डोक्यातून गेलेलाच नाही."

"मेव्हन्याला तुमी सांगितलं तर चार दिसांत व्हईल," आबा म्हणाले. "जुन्या टँकरची निम्मी टाकी कापून आनली तरी चालतीय. दौंडात भंगारात पडल्यात."

"करू, करू. आता ऐका. समारोपाची सभा आहे, मार्केट यार्डाच्या मैदानात. वस्तीला ट्रक पाठवतो. घण, घमेली घेऊन यायला सांगा सगळ्यांना, वातावरण बनतं." मग तो पुढं झुकला आणि त्याच्या डोळ्यांत एक चमक आली, जी मी पूर्वी गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत भारी कापड बघताना पाहिली होती. "आणि पोराला पण आणा स्टेजवर. पट्टी सोडू नका पायाची. बाप आणि लेक. दोघं."

मी आबांकडं बघितलं. मला वाटलं, आता हा म्हातारा डाव्या हातानं टेबलावरचा पेपरवेट उचलणार. त्यांनी चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला आणि म्हणाले, "येतो की."

रागानं माझे कान तापले होते. त्याचा राग होताच, पण खरं सांगायचं तर जास्त राग आबांचा आला होता. पोराच्या पायाची पट्टीसुद्धा वाहायला निघालेत, असं मला वाटलं.

सभेला मैदान भरलं होतं. मीही गेले होते. प्रचाराची उपरणी आमच्याच दुकानात शिवली होती आणि त्यांचा गठ्ठा पोचवायला उशीर झाला होता. सगळ्यात पुढं, खुर्च्यांच्याही पुढं, आमची वस्ती सतरंजीवर बसवली होती. बायकांच्या मांडीवर रिकामी घमेली, गड्यांच्या खांद्यावर घण. मागं खुर्च्यांत शिरूरचे व्यापारी, आसपासच्या गावांचे सरपंच, सोसायट्यांचे चेअरमन. स्टेजवर एका बाजूला आबा, शेजारी भाऊ, पाय लांब करून.

भाषण सुरू झालं. खाणीत जन्मलो, दगडाची उशी, सुरुंगाची अंगाई. मला ते इतकं पाठ होतं की मी ओठ हलवत होते. मग आवाज खाली आला. "आबा, दाखवा जरा लोकांना. आणि आज मी तुम्हाला त्यांचा लेकही दाखवणार आहे."

आबा उठले. पण जागेवर उभे न राहता चालत माईकपाशी आले. त्याला वाटलं, म्हातारा दोन शब्द बोलतोय. खूश होऊन बाजूला सरकला, टाळ्या वाजवायला लोकांना खूण केली. आबांनी माईक डाव्या हातात धरला. उजवी बाही बटणं लावलेली होती. आणि ज्या आवाजात ते त्या उंच दगडावरून ओरडायचे, त्याच आवाजात म्हणाले,

"बार हाय रं, बार! आडोशाला!"

माझ्या हातांना ते माझ्याआधी कळलं. मी शिरूरला येऊन इतकी वर्षं झाली होती, तरी हातातलं उपरण्यांचं गाठोडं मी खाली टाकलं होतं.

सतरंजीवर घण खाली ठेवल्याचे आवाज आले. "बार हाय रं, बार! आडोशाला!" दुसरी हाळी. बायकांनी घमेली पालथी करून डोक्यावर घेतली आणि सगळी वस्ती उठली. कुणी पळालं नाही, कुणी कुणाला विचारलं नाही, कुणी मागं बघितलं नाही. म्हाताऱ्या, पोरी, अंगावर पोर घेतलेल्या बाया, सगळ्या रांगेनं मंडपाबाहेर निघाल्या, तोंडं गप्प, डोक्यावर घमेली. खुर्च्यांतल्या लोकांना काय चाललंय ते कळेना. पण इतकी माणसं एकदम अशी न बोलता निघाली की बसून राहायला छाती लागते. एक व्यापारी उठला, मग त्याची ओळ उठली. तिसऱ्या हाळीपर्यंत खुर्च्या उलट्या पडायला लागल्या होत्या. भाऊ स्टेजवरून लंगडत उतरला होता. आबाही उतरले.

स्टेजवर तो एकटा उभा होता. खाणीत जन्मलेला, सुरुंगाच्या अंगाईवर झोपलेला. त्या मैदानात आमच्यापैकी असल्याचा दावा करणारा आणि जागचा न हललेला तो एकटाच माणूस होता. चेहऱ्यावर अर्धवट हसू होतं. बसा, बसा, असं हातानं करत होता.

आमच्या वस्तीतली एक म्हातारी सगळ्यांत मागं राहिली होती. तिला त्याची खरंच काळजी वाटली. इतकी वर्षं तिनं त्याला आपल्यातला मानलं होतं. वळायचं नसतं, तरी ती वळली आणि म्हणाली, "आवं सायेब, हुबं काय ऱ्हायलाव? आडोशाला या."

माईक त्याच्या तोंडापाशीच होता. तो वैतागून म्हणाला, "कसला आडोसा?"

सगळ्या कर्ण्यांतून ते बाहेर पडलं. मैदानात, यार्डात, रस्त्यावर, एसटी स्टँडपर्यंत. म्हातारीनं घमेलं डोक्यावर सारखं केलं आणि चालायला लागली.

एवढ्यावर तो पडला असेल असं कुणाला वाटेल. नाही पडला. निवडून आला. आमच्या वस्तीच्या मतांनी पडण्याइतका तो आता लहान राहिला नव्हता, आणि लोकांना मटण आणि उपरणी पोचली होती. त्यातली उपरणी आम्हीच शिवलेली. पण सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतलं कुणी खाणीत उतरलं नाही. सगळे येऊन कडेला बसले. मेहुणा चप्पल फटकारत आला आणि विचारायला लागला, संप आहे का, कुणी सांगितला, संघटनेचं पत्र कुठं आहे. संप नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. हाळी झालेली आहे, आबांनी अजून मोकळं म्हटलेलं नाही.

"अहो पण हाळी शिरूरला दिली होती," मेहुणा म्हणाला.

"व्हय," एकजण म्हणाला. "पन मोकळं म्हनल्यालं न्हाई."

आबा लिंबाखाली बसून होते. कुणी त्यांना विनवलं, कुणी धमकावलं. ते म्हणत, बार हाय अजून, मला दिसतोय. वस्तीतले काही त्यांच्याकडं बघून हसत होते, पण उतरत कुणी नव्हतं. मालकाविरुद्ध उभं राहायला त्यांना दहा वर्षांपूर्वी पुढारी लागला होता. आता दंडक पाळायला कुणाची गरज नव्हती. हायवेवरचे ट्रक येऊन रिकामे उभे राहिले. कंत्राटदाराचे फोन सुरू झाले. ज्या आडोशाला मोर्चे, रेस्ट हाऊस आणि दोन निवडणुका पुरल्या नव्हत्या, तो निकालाच्या आधी दौंडच्या भंगारातून क्रेननं आला. तेलाच्या टँकरची उभी कापलेली निम्मी टाकी, जाड पत्र्याची, पालथी ठेवली की आत दोन माणसं बसतील अशी.

आणि टाकीच्या मागोमाग तो आला. फीत कापायला. पांढऱ्या कपड्यांत, नाकाला रुमाल लावून. टाकी खाणीत ठेवण्याआधीच तिला रंग दिलेला होता आणि बाहेरच्या बाजूला ठळक लाल अक्षरांत त्याचं नाव काढलेलं होतं, 'यांच्या अथक प्रयत्नांतून'. फोटोग्राफर तोच, केस पिकलेले. पुढाऱ्यानं आबांना टाकीशेजारी उभं केलं आणि बाहीकडं हात नेला. आबांनी हात मागं घेतला. फोटो तसाच काढावा लागला.

सगळे गेल्यावर आबा वाकून टाकीत शिरले. आतून भावाला म्हणाले, घण घाल. भावानं बाहेरून घणाचे घाव घातले, चांगले सणसणीत. आबा आत बसून ऐकत होते. मग बाहेर आले, त्या उंच दगडावर चढले आणि म्हणाले, "मोकळं." माणसं उठली, घमेली घेतली आणि कामाला लागली.

आबा आता नाहीत. हाळी भाऊच देतो आणि मोकळंही तोच म्हणतो. तो पुढारी अजून माझ्याकडून शिवून नेतो, तब्येत बरी दिसते. त्या टाकीचं तोंड उलट बाजूला आणि नाव नेमकं बाराच्या बाजूला आलेलं आहे, कारण रंगवणाऱ्याला खाणीतलं काही कळत नव्हतं. त्यामुळे दर उडवणीला दगड येऊन नावावर आदळतात. आधी काना-मात्रा गेल्या, मग अक्षरं गेली, आता तिथं नुसते पोचे आहेत. परवा भावाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "आक्के, आज येक मोठा ढपला आला. डोक्यायेवढा. जितं त्याचं नाव व्हतं, बरोबर तितं बसला."

मी विचारलं, "मग?"

म्हणाला, "मग काय, मी आत व्हतो."